सोलर गरम, नळ गार! बाथरूमपर्यंत गरम पाणी यायला इतका वेळ का लागतो?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला पाइपचा व्यास शिकवावा लागत नाही. जायकवाडीहून येणारी जुनी जलवाहिनी ७०० मिलिमीटरची, तिच्यानंतरची १४०० ची, आणि ज्या नव्या योजनेची वाट पाहण्यात शहराची वर्षं गेली तिची २५०० ची. हे आकडे इथे चहाच्या टपरीवरही पाठ असतात. पाइप मोठा तर पाणी जास्त, हा हिशेब सगळ्यांना पटलेला आहे.

घराच्या गच्चीवर मात्र हा हिशेब उलटा पडतो. सोलरपासून बाथरूमपर्यंत येणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनचा पाइप जितका जाड, तितकं सकाळी नळाखाली जास्त वेळ उभं राहावं लागतं. तेवढा वेळ जे गार पाणी मोरीत जातं, ते अनेक दिवसांनी एकदा आलेल्या पाण्यातलंच असतं.

गारखेडा परिसरात, म्हणजे सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंतच्या कुठल्याही गल्लीत मान वर करून पाहिलं, तर गच्च्यांवर काळ्या-पांढऱ्या टाक्यांच्या जोडीला सोलरच्या काचेच्या नळ्या चमकताना दिसतात. थंडीत सकाळी त्याच गल्ल्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. वर पाणी चांगलं कडक तापलेलं आहे, खाली नळाला मात्र ते येता येत नाही. मग खापर सोलरवर फुटतं. ‘कंपनीनं फसवलं’, ‘नळ्या खराब झाल्या’, ‘आता गिझरच घ्या’. बहुतेक वेळा सोलर निर्दोष असतो.

पाइपात अडकलेलं पाणी

रात्री शेवटचा नळ बंद झाला, की टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात जे गरम पाणी उरतं ते तिथेच थांबतं आणि रात्रभरात गार होतं. डिसेंबर-जानेवारीत इथलं किमान तापमान १० अंशांच्या आसपास येतं, आणि लाइनचा बराचसा भाग गच्चीवर उघड्यावर असतो. सकाळी नळ सोडल्यावर आधी हे सगळं शिळं पाणी बाहेर पडतं, त्याच्यामागून गरम येतं. पाणी तापायला वेळ लागत नसतो, पाइप रिकामा व्हायला लागत असतो.

किती वेळ, हे पाइपात किती पाणी मावतं त्यावर ठरतं. इथे भूमिती आड येते. व्यास दुप्पट झाला की पाइपात मावणारं पाणी चौपट होतं. बाजारात मिळणाऱ्या सीपीव्हीसी पाइपचं माप धरलं, तर अर्धा इंची पाइपात दर मीटरला साधारण १२० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत २६० आणि एक इंचीत ४३० मिलिलिटर. म्हणजे अर्ध्या इंचाऐवजी एक इंची पाइप टाकला, तर पोटात साडेतीन पट पाणी.

सोलरपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर पाइप असेल, तर अर्धा इंचीत पावणेदोन-दोन लिटर, पाऊण इंचीत चार लिटर आणि एक इंचीत साडेसहा लिटर पाणी अडकून बसतं. शिवाय गार झालेला पाइप स्वतः तापतानाही थोडी उष्णता खातो. त्यामुळे प्रत्यक्षात सव्वा ते दीडपट पाणी सोडावं लागतं. एक इंची लाइन असेल तर हे आठ-नऊ लिटर झाले, म्हणजे जवळपास अर्धी बादली.

सर्वांत लांब कोण?

गारखेड्यातली बरीच घरं एका दमात बांधलेली नाहीत. आधी प्लॉटवर तळमजला झाला. मुलांची लग्नं ठरली तसा पहिला मजला चढला. मग जिन्यावरची खोली आणि तिच्यावर टाकी. सोलर सगळ्यात शेवटी आला आणि जिथे ऊन मिळतं तिथे, दक्षिणेकडे तोंड करून बसवला गेला. बाथरूम मात्र बहुधा मागच्या बाजूला. त्यामुळे गरम पाण्याची लाइन आधी गच्चीच्या कठड्याकडेने अर्धी प्रदक्षिणा घालते, मग मागच्या भिंतीवरून खाली उतरते. नकाशावर सरळ आठ मीटर असलेलं अंतर पाइपात मोजलं तर पंधरा-सोळा भरतं.

त्यात घराची वाटणीही अशी, की गुडघे दुखतात म्हणून आजी-आजोबा तळमजल्यावर. सगळ्यात लवकर उठणारी आणि थंडी सगळ्यात जास्त बाधणारी माणसं सोलरपासून सगळ्यात लांब राहतात. पहाटे पाच वाजता रात्रभराचं गार पाणी उपसायचं काम त्यांच्या वाट्याला येतं. सात वाजता सुनेला नळ सोडताच गरम पाणी मिळतं. तिला वाटतं सोलर उत्तम चालतोय, आजीला वाटतं बिघडलाय, आणि दोघींचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं.

मोरीत किती गेलं?

सकाळी पहिल्या आंघोळीला आठ लिटर आणि दुसऱ्या बाथरूममध्ये तीन लिटर गार पाणी सोडून दिलं, तर रोजचे ११ लिटर झाले. नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल, तर दोन पाण्यांच्या मधल्या काळात ८८ लिटर. उन्हाळ्याचे चार महिने वगळले तरी वर्षाला अडीच हजार लिटरच्या वर. एका घराचा हा हिशेब आहे. गल्लीत वीस घरं असतील तर पन्नास हजार लिटर होतात.

हे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसलेलं, फारोळ्याला शुद्ध केलेलं, नक्षत्रवाडीच्या टाकीपर्यंत चढवलेलं असतं. धरण खाली आणि शहर वर, त्यामुळे शंभर मीटरहून जास्त चढ पंपांनी चढवावा लागतो. नंतर घरच्या हौदात, तिथून मोटारीने गच्चीवर. एवढा प्रवास करून आलेलं पाणी तळमजल्याच्या मोरीत जातं, तेही एका थेंबाचा वापर न होता.

बादली, बाटली आणि मोबाइलचं घड्याळ

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एक तपासणी घरच्या घरी करता येते. सकाळी घरात कुणीही गरम पाणी वापरण्याआधी करायची. मिक्सर मधोमध ठेवू नका, फक्त गरम बाजू पूर्ण सोडा. नळाखाली बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. हाताला गरम लागलं की थांबा. किती सेकंद लागले ते लिहून ठेवा आणि एक लिटरच्या बाटलीने बादलीतलं पाणी मोजा.

बहुतेक लोक फक्त वेळ सांगतात, ‘तीन मिनिटं लागतात’. वेळेवरून काहीच कळत नाही. कळतं ते लिटरवरून.

समजा तुमच्या लाइनमध्ये हिशेबाने चार लिटर मावतात आणि बादलीत पाच-सहा लिटर जमले. मग सगळं ठीक आहे. दोष कुणाचाच नाही, लाइनच तेवढी आहे. सोलर बदलला, महागडा गिझर आणला तरी त्याच लाइनमधून पाणी येणार आणि तेवढंच थांबावं लागणार.

पाणी पाच लिटरच जमलं पण त्याला तीन मिनिटं लागली, तर लाइन नव्हे, प्रवाह अडतोय. गारखेड्यात बऱ्याच घरी महापालिकेच्या पाण्याच्या जोडीला बोअर किंवा टँकरचं पाणी टाकीत पडतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर तापल्यावर हे क्षार बाहेर पडतात आणि गरम बाजूलाच जास्त साचतात. नळाच्या तोंडाची जाळी, शॉवरची छिद्रं, गिझरचा बाहेर येणारा पाइप, गच्चीवरचा अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, या क्रमाने पाहा. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकली की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

आणि पंधरा लिटर सोडले तरी पाणी कोमटच येत असेल, तर मात्र खरोखर काहीतरी बिघडलंय. यात सगळ्यात फसवा दोष म्हणजे गार पाणी गरम लाइनमध्ये घुसणं.

अलीकडे पहिल्या मजल्यावर शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसवतात, आणि तो बहुधा फक्त गार पाण्याच्या लाइनवर असतो. आता गार बाजूचा दाब जास्त, गरम बाजूचा कमी. घरात कुठेतरी एखाद्या मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँडशॉवर फक्त त्याच्या मुठीवरच्या बटणाने बंद केलेला असेल, किंवा मिक्सरच्या आतलं वॉशर झिजलेलं असेल, तर जास्त दाबाचं गार पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतं. परिणाम दिसतो भलत्याच बाथरूममध्ये. ओळखायची युक्ती सोपी आहे. सोलरकडून खाली येणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि खालचा गरम नळ उघडा. लाइनमधलं उरलेलं पाणी संपून नळ कोरडा पडला पाहिजे. तो वाहतच राहिला, तर ते पाणी गार लाइनमधून येतंय. मग एकेका मिक्सरच्या चाव्या बंद करत जा. ज्याची बंद केल्यावर धार थांबेल तो चोर.

टाकी कोरडी पडल्यानंतरचा दिवस

हा प्रकार आपल्या शहरात जरा जास्तच होतो. पाण्याचा दिवस एक-दोन दिवस पुढे जातो, टाकी तळाला लागते, सोलरच्या लाइनमध्ये हवा शिरते. मग पाणी येतं, टाकी भरते, गार नळ धो-धो वाहतो, पण गरम नळ फुसफुसतो किंवा गप्पच राहतो.

लाइन जिथे जिन्याचं दार किंवा कठडा ओलांडण्यासाठी वर चढून पुन्हा खाली आलेली असते, त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकून बसतो. गच्चीवरच्या टाकीतून सोलरला मिळणारा दाब एक-दीड मीटर उंचीचाच असतो, त्यामुळे हा बुडबुडा ढकलायला तो पुरत नाही. घरातला सगळ्यात खालचा गरम नळ पूर्ण उघडून काही वेळ तसाच ठेवला की बहुधा हवा निघते. दर वेळी हेच होत असेल, तर त्या उंचवट्यावर हवा बाहेर जाण्यासाठी उभी नळी काढून घ्यावी. तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच हवं, नाहीतर तिथून पाणीच सांडेल. ही कल्पना काही नवी नाही. पुण्याच्या पेशवेकालीन कात्रजच्या नळावर हवा बाहेर पडायला बांधलेले उच्छ्वास आजही पाहायला मिळतात. गच्चीवरची ती नळी म्हणजे त्याच उच्छ्वासाची धाकटी बहीण.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. काचेच्या नळ्यांचा सोलर कोरडा पडला असेल आणि वर ऊन तापलेलं असेल, तर त्यात लगेच पाणी सोडू नका. कोरड्या नळ्या आतून प्रचंड तापलेल्या असतात, गार पाणी लागताच त्या तडकू शकतात. भर दुपारी पाणी आलं तर गार टाकी खुशाल भरून घ्या, सोलरचा व्हॉल्व्ह मात्र संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उजाडताना उघडा.

विसणाचा हिशेब

आता उपायांकडे. पहिला उपाय फुकट आहे आणि आपल्या आजीला तो आधीपासून माहीत आहे. त्याला मराठीत शब्दही आहे, विसण.

बंबातलं किंवा चुलीवरचं पाणी कधीच जसंच्या तसं अंगावर घेत नसत. त्यात गार पाण्याचं विसण घालून ते सोसवेल इतकं करत. सोलरचं पाणीही चांगल्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापतं, आंघोळीला लागतं ४० अंशांचं. टाकीतलं गार पाणी २० अंशांचं धरलं, तर १८ लिटरच्या बादलीत नऊ लिटर गरम आणि नऊ लिटर गार लागतं. ढगाळ दिवसानंतर सोलरचं पाणी ५० अंशांवरच राहिलं, तरी सहा लिटर गार लागतंच.

म्हणजे पाइपात रात्रभर अडकलेलं पाणी, ज्याला आपण वाया जाणारं म्हणतो, ते नेमकं आपल्याला हवं असलेलं विसण आहे! बादली आधीच नळाखाली लावायची, फक्त गरम नळ सोडायचा, आधी गार येईल, मग कोमट, मग कडक. बादली भरताना हात घालून पाहायचं, लागलं तर शेवटी थोडं गार. यात एक लिटरही मोरीत जात नाही आणि वाटही पाहावी लागत नाही, कारण बादली तर भरायचीच होती.

वाया जातं ते शॉवरखाली आणि बेसिनला. शॉवर घेणाऱ्यांनी पहिलं पाणी बादलीत धरावं, फरशी पुसायला, झाडांना, कमोडला ते चालतं. बेसिनचं दुखणं वेगळं आहे. हात धुवायला अर्धा लिटर पाणी लागतं, तेवढ्यात गरम पाणी नळापर्यंत पोहोचतच नाही. पण एका दांडीचा मिक्सर मधोमध राहिला असेल, तर प्रत्येक वेळी टाकीतलं अर्धा-पाव लिटर गरम पाणी पाइपात ओढलं जातं आणि तिथे गार होऊन बसतं. बेसिनची दांडी कायम गार बाजूला ठेवायची सवय घरात लावली तर सोलरचं पाणीही पुरतं.

पाइपला गोधडी घालून उपयोग होतो का?

होतो, पण लोक समजतात तो नाही. पाइपवर चढवायची काळी रबरी फोमची नळी दुकानात सहज मिळते. ती घातल्यावर एका आंघोळीनंतर दुसरी अर्ध्या तासाने असेल, तर मधल्या काळात लाइन गरम राहते आणि पुन्हा गार पाणी सोडावं लागत नाही. गच्चीवरच्या उघड्या लाइनला ती घालावीच. पण आठ-नऊ तासांच्या रात्रीपुढे ती टिकत नाही. पहाटे पाचला आजीच्या नळाला आधी गारच येणार. ‘इन्सुलेशन करा, लगेच गरम येईल’ असं कुणी सांगून पैसे घेत असेल तर दोनदा विचार करा.

मोठ्या हॉटेलांत नळ सोडताच गरम पाणी येतं, कारण तिथे रिटर्न लाइन असते. शेवटच्या नळापासून दुसरा पाइप पुन्हा टाकीकडे जातो आणि छोटा पंप पाणी फिरवत ठेवतो. घरी ही सोय चोवीस तास चालू ठेवली, तर पाइपातून रात्रभर उष्णता निसटत राहते आणि सकाळपर्यंत सोलरच गार होतो. बटण दाबल्यावर दोन मिनिटं चालणारा पंप किंवा टायमर लावला तरच ती परवडते. त्यासाठी परत जाणारी वेगळी लाइनही टाकावी लागते. बांधून झालेल्या घरात एवढी तोडफोड कुणी करत नाही.

त्यापेक्षा तळमजल्याच्या बाथरूममध्ये सोलरच्या लाइनवरच छोटा साठवणीचा गिझर बसवणं सोयीचं. लाइनमधलं गार पाणी गिझरमध्ये जातं, गिझरमधलं गरम पाणी नळाला येतं, आणि ते संपेपर्यंत मागून सोलरचं पाणी पोहोचलेलं असतं. १५ लिटरच्या, २ किलोवॉटच्या गिझरला २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला २० मिनिटं आणि साधारण ०.७ युनिट वीज लागते. मागून येणारं पाणी आधीच गरम असल्याने गिझर पुन्हा फारसा चालत नाही.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर या कामाला घेताना मात्र नाव पाहून फसू नका. ३ किलोवॉटची कॉइल मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी २० अंशांनी तापवू शकते. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमटच येणार. त्यात बिघाड काही नाही, विजेची ताकदच तेवढी.

गॅस गिझर जवळ आणू नका

गॅस गिझरमध्ये पाण्याचा ठरावीक प्रवाह सुरू झाल्याशिवाय ज्योत पेटत नाही. वरच्या मजल्यावर, टाकी अगदी डोक्यावर असल्याने दाब कमी मिळतो आणि तिथे तो पेटायलाच कुरकुरतो. त्यात गिझर बाल्कनीत असेल तर पाइपाचं अंतरही वाढतं. हे अंतर वाचवायला काही जण गिझर थेट बाथरूममध्ये बसवतात. असं अजिबात करू नये. बंद बाथरूममध्ये ज्योत ऑक्सिजन संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध होतो. अशा मृत्यूंच्या बातम्या राज्यात दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर मोकळ्या हवेतच हवा, त्यासाठी नळाखाली अर्धं मिनिट जास्त थांबावं लागलं तरी चालेल.

बांधकाम चालू असेल तर

ज्यांच्या घराच्या भिंतींना अजून प्लास्टर व्हायचंय, त्यांच्यासाठी हे सगळं फार स्वस्तात सुटतं. प्लंबर एक इंची लाइन टाकतो, कारण नंतर ‘प्रेशर नाही’ ही तक्रार त्याला नको असते. त्याचं म्हणणं वरच्या मजल्यापुरतं बरोबर आहे. तिथे दाब कमी, म्हणून पाऊण इंची लाइन ठेवावी. तळमजल्याला मात्र सहा-सात मीटर उंचीचा दाब आयताच मिळतो आणि एका बाथरूमला अर्धा इंची पाइप पुरतो. त्यामुळे सोलरपासून तळमजल्याच्या बाथरूमसाठी वेगळी अर्धा इंची लाइन मागून घ्या. जाड सामाईक लाइनला फाटा फोडून ती खाली आणू नका. पाइप सीपीव्हीसीच हवा, साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्यात मऊ पडतो. लाइन सोलरपासून उतरती ठेवा, मध्ये उंचवटा नको. आणि भिंत बुजवण्याआधी सोलरपासून नळापर्यंतचा पाइप टेपने मोजून, लाइन उघडी असतानाच मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.